तारेने बांधलेले दात

मी दातांचा डॉक्टर झालो, हे आगाशीत बराच काळ कुणाच्या पचनी पडलं नाही. घरच्यांच्या तर नाहीच. वडिलांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती, आणि मुलगा मुंबईहून डॉक्टर होऊन येणार असं त्यांनी बाजारभर सांगून ठेवलं होतं. मी आलो, ओटीवरच्या खोलीला पाटी लावली, तेव्हा आमच्या एका चुलत्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली आणि विचारलं, "नुसते दात? मग बाकीचा माणूस कोण बघणार?" वडील चार दिवस मागच्या दाराने ये-जा करत होते.

मी शिकलो ते युद्धाच्या दिवसांत. मुंबईत संध्याकाळी दिवे झाकलेले असत आणि कॉलेजात साहित्याची मारामार होती. साचे घ्यायचं प्लास्टर सोन्यासारखं जपून वापरावं लागे. आम्हांला शिकवणारे एक सर होते, अंगाने काटकुळे आणि जिभेने जहाल. त्यांचे दोन नियम होते. पहिला, रुग्णाच्या देखत हात धुवायचे, मग ते आधी कितीही वेळा धुतलेले असोत. दुसरा, रुग्णाशी खोटं बोलायचं नाही. "दुखणार असेल तर दुखेल म्हणा. दात वाचणार नसेल तर नाही वाचणार म्हणा. समोरचा तोंड उघडून बसलेला असतो, त्याला काही विचारता येत नाही. तेव्हा तुम्हीच नीट बोला," असं ते म्हणत. बोलायला त्यांचं काय जात होतं? ते शहरात शिकवून संध्याकाळी घरी जात. मला हे नियम आगाशीत पाळायचे होते, जिथे प्रत्येक रुग्ण आठवडी बाजारात पुन्हा समोर येणार होता.

माझी लोखंडी खुर्ची विरार स्टेशनवरून बैलगाडीने आली. गाडीमागे पोरांची वरात होती. न्हाव्याने नवीन दुकान काढलं असं समजून एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करायला येऊन बसलेसुद्धा. खुर्ची मी पश्चिमेच्या खिडकीपाशी मांडली, कारण वीज नव्हती. ऊन आंब्याच्या झाडामागे गेलं की माझं काम थांबे. दात कोरायचं यंत्र पायाने चालवायचं होतं, त्यामुळे डॉक्टर शिलाईच्या मशीनवर दाढा शिवतो असा बायकांचा समज झाला. हत्यारं उकळायला स्टोव्ह होता, त्याची आणि हत्यारांची व्यवस्था बायको बघायची. उकळायच्या त्या पातेल्यात चुकून कुणी भात लावू नये म्हणून तिने त्याला लाल चिंधी बांधली होती.

लोक यायचे, पण केव्हा? आधी लवंग. लवंगेने भागलं नाही की बिब्बा, त्याने हिरडी भाजून निघे. मग रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतली कीड काढणारी बाई. ती नळीतून धूर देई आणि पाण्याच्या परातीत पांढरे किडे पडलेले दाखवी. खरं म्हणजे ते त्या बियांमधलेच कोंब असत, पण माणूस किडे बघून सुखावे. या सगळ्यांनी हात टेकले की मग मी. तोवर दाढेत दाढ म्हणण्यासारखं काही शिल्लक नसे. तरी मी हट्टी होतो. जो दात ठेवता येईल तो ठेवायचा, चिमटा अगदी शेवटी उचलायचा. यावर लोक रागवत. काढून टाक म्हटलं तर हा कोरत बसतो, असं म्हणत. एका बागायतदाराने तर "तुझ्याच्याने होत नसेल तर तसं सांग" म्हणून मला सुनावलं होतं. मला फार राग येई. बायको म्हणे, राग दाखवू नका, तोंड उघडून बसलेला माणूस घाबरलेला असतो. ते खरं होतं, आणि म्हणून जास्तच राग येई.

हळूहळू जम बसला. एकेक घर धरलं की त्या घरातली आजीपासून नातवापर्यंत सगळी तोंडं माझी. निर्मळची फुलवाली माणसं यायची, अर्नाळ्याची कोळी माणसं यायची, त्यांत हिंदू होते तसे ख्रिस्ती होते. दातांना जात नसते म्हणावं तर तसंही नाही. फुलवाल्या बायकांचे दात मिश्रीने काळे, आणि कोळ्यांचे पुढचे दात कडेला झिजून त्यांत खाचा पडलेल्या. जाळं विणताना दोन्ही हात गुंतलेले, मग सुताचा दोरा दातात धरायचा आणि दातानेच तोडायचा. ती खाच बघितली की मी विचारायचो, "घरात कातर नाही?" ते हसत. कातर घ्यायला तिसरा हात कुठून आणायचा, असं त्यांचं म्हणणं.

असाच एक अर्नाळ्याचा ख्रिस्ती कोळी एका दुपारी आला. पन्नाशीकडे झुकलेला, छातीने रुंद, आणि चेहऱ्यावर संकोच. बरोबर लग्नाच्या वयाची मुलगी. मी त्याला ओळखत होतो. खरं तर सगळी पंचक्रोशी ओळखत होती. त्यांच्या वाडीचा एक बँड होता, लग्नाच्या दिवसांत गावोगाव जाणारा, आणि त्यात हा कॉर्नेट वाजवायचा. पितळेचं ते आखूड वाद्य याच्या हातात खेळण्यासारखं दिसे, पण आवाज असा की मागच्या वाडीतल्या बायका हातातलं काम सोडून दाराशी येत. आमच्या हिंदूंच्या लग्नातही त्याला बोलावणं असे. माझ्या स्वतःच्या वरातीत तो होता.

"डाक्टर, पुढचं दात हलतान," तो म्हणाला. "पोरीचं लगीन हाय. तवर धरून ठेवा."

मी त्याच्या देखत हात धुतले आणि तोंड बघितलं. बघितलं आणि माझं मन खचलं. दात शाबूत होते, किडलेला एकही नव्हता. खचली होती ती खालची जमीन. पायरिया. हिरड्या उतरलेल्या, आतलं हाड झिजून गेलेलं. पावसात बांध वाहून गेल्यावर केळीचे बुंधे मुळं उघडी पडून उभे असतात, तसे ते वरचे चार दात उभे होते. बोटाने लावलं तरी डुलत होते. जाळ्याचा दोरा ओढून ओढून त्यांना आधीच ढिलं केलेलं, आणि वर इतकी वर्षं रोज कॉर्नेट. ते वाद्य नुसत्या फुंकरीवर वाजत नाही. त्याचं पितळी तोंड ओठांवर दाबून धरावं लागतं, आणि ओठांमागून तो सगळा दाब झेलतात ते हेच पुढचे दात.

"लग्न कधी?" मी विचारलं.

"राखेच्या बुधवारच्या आत," मुलगीच बोलली. त्यांचे उपासाचे दिवस सुरू झाले की मग ईस्टरपर्यंत लग्नं लागत नाहीत. म्हणजे हातात थोडे आठवडे होते.

मग तिने मला समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं. त्यांच्या वाडीतली कुठलीही मुलगी लग्नाला निघाली की घरापासून देवळापर्यंत तिच्यापुढे या मुलीचा बाप वाजवत चाले. चर्चला ती माणसं देऊळच म्हणत. सूर ठरलेला होता, त्याला नाव नव्हतं, पण तो याचाच होता. वाडीतली प्रत्येक मुलगी त्या सुरामागून गेलेली. लहानपणी ही प्रत्येक वरातीत बापाच्या पायांत लुडबुडायची आणि विचारायची, माझी पाळी कवा? आता पाळी आली होती.

"बाबा नाय वाजवला तर मी कशी जाऊ?" ती म्हणाली. लाडात नव्हे, खरोखर तिला कळत नव्हतं की कसं जायचं.

सरांचा नियम आठवून मी बापाला सांगितलं, हे दात वाचणार नाहीत. आज ना उद्या जाणारच. लग्नापर्यंत टिकतील असं वचनही मी देत नाही. पण एक करून बघतो. त्याने मान हलवली. वाईट बातमी ऐकायची सवय असलेल्या माणसाची ती मान होती.

मी ते चार दात बारीक पोलादी तारेने एकमेकांना गुंफले आणि दोन्ही बाजूंच्या सुळ्यांना बांधून टाकले. सुळे त्यातल्या त्यात घट्ट होते. दोन दुपारी लागल्या. त्याने सारा वेळ खुर्चीचे हात घट्ट धरले होते. काम संपल्यावर आरसा दिला. त्याने तारेवरून जीभ फिरवली आणि म्हणाला, "डाक्टर, तुमी तर जाळाच विनला." मला त्या कामाचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. असं बारीक काम मी कॉलेजातही केलं नव्हतं.

मग मी अटी घातल्या. मऊ खायचं. दोरा दातात धरायचा नाही. आणि लग्नाच्या दिवसापर्यंत कॉर्नेटला तोंड लावायचं नाही, सरावासाठीसुद्धा नाही. पितळ शिवायचंच नाही. शेवटच्या अटीला त्याचा चेहरा पडला. मुलगी मात्र तयारीची होती. तिने घरी जाऊन कॉर्नेट पेटीत घातला, कुलूप लावलं आणि चावी गळ्यातल्या जपमाळेत ओवली. पुढच्या खेपेला तिने ती चावी मला काढून दाखवली. "आता मांगा म्हनावं," ती म्हणाली. बाप बाजूला उभा राहून हसत होता, ओठ मिटून, तार दिसू नये म्हणून.

दर आठवड्याला ती दोघं चालत येत. मी हिरड्या साफ करी, तार तपासी. आणि आश्चर्य असं की दात धरत होते. डुलणं कमी झालं होतं. मी कुणाला बोललो नाही, पण मनात म्हणू लागलो की जमणार. त्या दिवसांत मला इतर रुग्णांचाही राग कमी येऊ लागला. बायकोने विचारलं, काय हो, बरं आहे ना?

त्यांच्या बँडचा एक म्हातारा मास्तर होता. वाडीतल्या पोरांना हाताला धरून त्यानेच वाद्यं शिकवलेली. कॉर्नेटवालाही त्याचाच चेला. मास्तर स्वतः तरुणपणी कॉर्नेट वाजवायचा म्हणे. मी पाहिला तेव्हा तो बोळका होता आणि मोठा ढोल वाजवायचा. लग्नाला थोडेच दिवस उरलेले असताना हा मास्तर गेला. आजारी नव्हता, काही नाही. दुपारी ओट्यावर आडवा झाला तो उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर कॉर्नेटवाला पायरीवर बसलेला. एकटाच. मला बातमी ठाऊक नव्हती, ती त्याने सांगितली. मी हळहळलो. त्याने माझं बोलणं होऊ दिलं आणि मग विचारलं, "डाक्टर, एकदाच वाजवला तर?"

त्या बँडचा एक रिवाज होता, तो मला तेव्हा कळला. ज्याने वाद्य हातात दिलं त्याच्या मातीला चेल्याने वाजवायचं. बाकी सगळे गप्प, आणि शवपेटी खड्ड्यात उतरत असताना चेला एकटा वाजवणार. मास्तरने दोघांनाच कॉर्नेट शिकवला होता. दुसरा बोटीवर नोकरीला लागून परदेशी गेलेला. उरला हा.

मी त्याला आत घेतलं, हात धुतले, दात बघितले. किती वेळ बघत होतो कोण जाणे. काहीतरी वेगळं दिसेल म्हणून बघत होतो. मग खरं तेच सांगितलं. "एकदा वाजेल. दुसऱ्यांदा वाजणार नाही. कुठे वाजवायचं ते मी नाही सांगू शकत."

तो खुर्चीतच बसून राहिला. खिडकीतून समोरच्या वाडीत केळीचे घड उतरवणं चाललं होतं, तिकडे बघत होता. मला वाटलं, आता हा मला विचारेल की डॉक्टर, तुम्ही काय केलं असतंत? त्याने ते विचारलं नाही. विचारलं ते दुसरंच.

"आनि नवं दात बशिवलं तर?"

मी म्हणालो, कवळी करून देईन. खाता येईल, बोलता येईल. पण कॉर्नेट ओठांवर दाबला की वरची कवळी सुटणार. वाजवणं होणार नाही. हे मी एका दमात सांगून टाकलं, आणि सांगितल्यावर स्वतःचीच चीड आली. सगळं खरं एकाच सकाळी सांगायला हवं होतं का? सर असते तर म्हणाले असते, हो. पण सर तिथे नव्हते, आणि तो माणूस समोर होता.

"पोरीला सांगू नका," तो उठता उठता म्हणाला. "कवळीवर वाजत नाय ता. तिला वाटू द्या, धाकट्या भावाच्या लग्नाला तरी बाबा वाजवील."

मी हो म्हणालो. तो गेला. माझ्या मनात अजून एक आशा होती, आणि ती त्या चावीची होती. मुलगी चावी देणार नाही. तिची पाळी आहे, तिने जन्मभर वाट बघितली आहे, ती देणार नाही.

दुपारी मी सायकल काढली आणि अर्नाळ्याला गेलो. डॉक्टर म्हणून काही कामच नव्हतं, पण घरी थांबवेना. त्यांची दफनभूमी वाळूतच आहे, समुद्राचा वारा सरळ अंगावर येतो. पाद्रींची प्रार्थना चालू होती. मी कुंपणापाशी उभा राहिलो. बँडची माणसं वाद्यं खाली धरून ओळीने उभी होती, ढोल वाळूत एकटाच ठेवलेला. आणि पुढे हा उभा होता, हातात कॉर्नेट घेऊन. म्हणजे कुलूप निघालं होतं.

पेटी उतरू लागली आणि त्याने वाजवायला सुरुवात केली. संथ, लांब सूर होता. मी लग्नांत त्याला किती वेळा ऐकलं असेल, पण असा कधी ऐकला नव्हता. शेजारच्या बायका रडत होत्या. मला रडू येत नव्हतं, कारण मी सूर ऐकतच नव्हतो. मी त्याचा वरचा ओठ बघत होतो. ओठामागे काय चाललंय ते त्या सगळ्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं, आणि मी त्याला हाक मारून थांबवू शकत नव्हतो. एकदा पाऊल उचललंही होतं. उचलून कुठे जाणार होतो? शेवटच्या ओळीला सूर क्षणभर फाटला. मग पुन्हा धरला, आणि त्याने तो पुरा केला. पुरा झाल्यावर तो लोकांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. लोकांना वाटलं, डोळे पुसतोय.

माणसं पांगल्यावर तो माझ्याकडे आला. रुमालाची पुरचुंडी माझ्या हातात दिली. उघडून बघितली तर ते चार दात, माझ्या तारेत एकमेकांना धरून, जसेच्या तसे. सुळ्यांवरचे फास तेवढे निसटले होते.

"तार बगा," तो म्हणाला. तोंडात रक्त होतं, शब्द नीट येत नव्हते. "तुटली नाय. तुमचा काम पक्का होता."

मी तिथेच वाळूत बसलो. त्यानेच मला हात धरून उठवलं.

लग्नाला मला जावंसं वाटत नव्हतं. बायकोने बळेच नेलं. वसईहून दुसरा कॉर्नेटवाला आणू, असं वऱ्हाडातल्या कुणीतरी सुचवलं होतं म्हणे. मुलीने साफ नाही सांगितलं. बाबा नाही तर कुणीच नको. त्यामुळे झालं असं की तिला घरातून देवळाकडे नेताना बँड वाजला तो तिच्या बापाचा सूर सोडून. ढोल होता, ताशासारखा छोटा ड्रम होता, क्लॅरिनेटवाला नेहमीची खालची बाजू वाजवत होता, आणि वर जिथे तो सूर असायचा तिथे काही नव्हतं. ठेका चालला होता, माणसं चालली होती. वाडीतल्या सगळ्यांना तो सूर पाठ, तरी कुणी गुणगुणलंसुद्धा नाही. बाप तिच्या शेजारून चालत होता, तोंडावर रुमाल धरून. दुसऱ्या हाताने तिचा दंड धरला होता, आणि त्या हाताची तीन बोटं तिच्या बाहीवर एकसारखी दबत उठत होती. कॉर्नेटला तीन कळा असतात.

मांडवात जेवणं चालू असताना नवरी आमच्यापाशी आली. बाप मागेच होता. तिने मला नमस्कार केला आणि त्याच्या देखत विचारलं, "डाक्टर, नवं दात बशिवल्यावर बाबा भावाच्या लग्नाला वाजवतील ना?"

मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या आधीच तो म्हणाला, "वाजवीन ना. डाक्टर बोलले." मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही. तो समाधानाने पुढच्या पंगतीकडे वळला.

तो लांब गेल्यावर ती खाली वाकली, माझ्या पानात वडा वाढायचं निमित्त करून. गळ्यातल्या माळेत आता चावी नव्हती.

"मना म्हाईत हाय, डाक्टर," ती हळूच म्हणाली. "कवळीवर वाजत नाय. मास्तरचं दात गेलं, तवा तेनी पन कॉर्नेट सोडून ढोल धरला. वाडीत सगल्यांना म्हाईत हाय." मग म्हणाली, "चावी मीच काढून दिली. तेनी मांगितली पन नव्हती. तेवढा बाबाला सांगू नका, मना कवळीचा म्हाईत हाय ता."

मी तिलाही हो म्हणालो. वडा पानात तसाच राहिला. बायकोने घरी परतताना विचारलं, ती काय बोलत होती? मी म्हणालो, काही नाही, वाढत होती.

पुढे मी त्याची कवळी केली. साचा पुन्हा पुन्हा घेतला, दातांचा रंग मिळेना म्हणून दोनदा मुंबईला गेलो, पुढच्या दातांना त्याच्या जुन्या दातांसारखी किंचित तिरकी ठेवण दिली. इतकी चांगली कवळी माझ्या हातून आधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. ती बसवून पाहिल्यावर त्याने आरशात बघितलं, दोन-चार शब्द बोलून पाहिले, आणि ओठ आवळून एक हलकी फुंकर मारली. कवळी सुटून खाली आली. ती त्याने बोटाने परत वर बसवली आणि दुसऱ्याच कशाबद्दल बोलू लागला.

मुलाच्या लग्नात त्याने ढोल वाजवला. कवळी त्याला उत्तम मानवली होती, सुके बोंबीलसुद्धा तो चावून खायचा. बाजारात मी दिसलो की बरोबरच्या माणसाला थांबवून, माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "ह्या डाक्टरांनी मना माझा तोंड परत दिला." मी नमस्कार करायचो आणि पुढे जायचो.